लांबणाऱ्या बूमचा स्किड स्टीअर लोडर : सहा आठवड्यांच्या चाचणीच्या नोंदी

४ मार्च

काम असे आहे : इमारतीच्या मागच्या बाजूला मातीचा उतार धरून ठेवणारी काँक्रीट ठोकळ्यांची भिंत उभारायची, तिच्या पायथ्याशी पाण्याच्या निचऱ्यासाठी चर काढून त्यात खडी भरायची आणि खोदकामाची माती ट्रकमध्ये भरून बाहेर पाठवायची. मागे जाण्याची वाट अरुंद असल्यामुळे मोठे यंत्र आत येऊ शकत नाही. आमचा नेहमीचा स्किड स्टीअर लोडर, म्हणजे जागच्या जागी फिरणारे छोटे भरणीचे यंत्र, येतो, परंतु त्याची बूम, म्हणजे बकेट उचलणारा बाहू, ठरावीक लांबीची आहे, आणि भिंतीची जागा चराच्या पलीकडे आहे. चर आधी खोदला तर ठोकळे पलीकडे न्यायचे कसे, आणि ठोकळे आधी बसवले तर त्यांच्या पायाशी खोदायचे कसे, हा पेच पहिल्याच बैठकीत समोर आला. त्यावर टेलिस्कोपिक बूमचे, म्हणजे एकात एक सरकून लांबणाऱ्या बाहूचे यंत्र सहा आठवडे भाड्याने घ्यावे, आमचे यंत्र शेजारी ठेवावे आणि दोघांचे काम पाहून पुढच्या खरेदीचा विचार करावा, असे ठरले. या नोंदी त्यासाठी आहेत.

माझी अपेक्षा आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर ती सोयीस्करपणे बदलता येणार नाही. मला वाटते, या यंत्राचा मुख्य फायदा उंचीचा असेल आणि तो ट्रक भरताना दिसेल.

६ मार्च

थोडी पार्श्वभूमी. स्किड स्टीअर लोडरचा जन्म टर्की कोंबड्यांच्या शेडमधला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये एका टर्की पाळणाऱ्यासाठी, खांबांच्या अधूनमधून फिरू शकेल असा तीन चाकांचा छोटा लोडर बनवला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला, १९६० मध्ये चारही चाकांना गती देणारे मॉडेल आले आणि १९६२ पासून 'बॉबकॅट' हे नाव रूढ झाले. तेव्हापासून या यंत्राचे मर्म एकच राहिले आहे : चाके वळत नाहीत, एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूपेक्षा वेगाने किंवा उलट फिरतात आणि यंत्र टायर घासत जागच्या जागी फिरते. त्यासाठी पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी ठेवावे लागते. हा आखूडपणा अरुंद जागेत वरदान असला तरी बूम लांबवण्याचा विचार येताच तोच सर्वात मोठी अडचण ठरतो.

नेहमीच्या यंत्रांत बूमच्या हालचालीचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात बकेट कमानीसारख्या मार्गाने वर जाते, त्यामुळे मधल्या उंचीवर ती सर्वात पुढे असते आणि वर पोहोचता पोहोचता मागे येते. दुसऱ्या प्रकारात जोडदांड्यांच्या साहाय्याने बकेट जवळजवळ सरळ वर नेली जाते. आमचे यंत्र या दुसऱ्या प्रकारचे आहे. या दोन्हींच्या पलीकडे जाऊन जेसीबीने २०१७ मध्ये 'टेलिस्किड' बाजारात आणले. एकाच बाजूला असलेली आणि आतून लांबणारी बूम हे त्याचे वैशिष्ट्य. बकेटची पिन (जेथे बकेट बूमला जोडलेली असते) सुमारे ४ मीटर उंचीपर्यंत, पुढे सुमारे २.४ मीटर पल्ला आणि जमिनीच्या पातळीखाली सुमारे ०.९ मीटर खोदाई, असे त्याचे जाहीर आकडे आहेत. हे तिन्ही आकडे एकाच स्थितीत मिळत नाहीत, ही साधी गोष्ट माहितीपत्रक वाचताना सहज निसटते.

७ मार्च

आजचा दिवस कागदावर गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

पुढचा अॅक्सल हा टेकू धरला, तर एका बाजूला यंत्राचे वजन आणि दुसऱ्या बाजूला बकेटमधला भार, अशी ही शाळेत शिकलेली तरफ आहे. हिशेबासाठी मी एक काल्पनिक यंत्र घेतले : वजन ५,००० किलो, गुरुत्वमध्य पुढच्या अॅक्सलच्या ०.६ मीटर मागे, आणि बूम आत असताना भाराचा मध्य अॅक्सलच्या १.२ मीटर पुढे. मागच्या बाजूचे परिबल, म्हणजे वजन गुणिले अंतर, ३,००० किलो-मीटर येते. त्याला १.२ ने भागले की २,५०० किलो हा टिपिंग लोड मिळतो, म्हणजे इतक्या भाराला मागची चाके जमीन सोडू लागतील. टायरच्या यंत्रासाठी याच्या निम्मा, म्हणजे १,२५० किलो हा कार्यभार (कामात उचलायचा सुरक्षित भार) धरण्याची पद्धत आहे.

आता बूम १.२ मीटर लांबवली. भाराचे अंतर दुप्पट झाले, तेव्हा कार्यभार निम्मा म्हणजे ६२५ किलो व्हावा, असे पटकन वाटते. प्रत्यक्षात बूमचा आतला भाग, जोडणीची पट्टी आणि रिकामी बकेट हेही पुढे सरकलेले असतात. त्यांचे वजन ४५० किलो धरले, तर ५४० किलो-मीटर मागच्या बाजूतून वजा होतात आणि उरलेल्या २,४६० ला २.४ ने भागल्यावर टिपिंग लोड १,०२५ किलो व कार्यभार जेमतेम ५१२ किलो येतो. अंतर दुप्पट आणि भार निम्म्याहून कमी, असा हा व्यवहार आहे. बूम जितकी दणकट बनवावी तितकी ती स्वतःच जड होते आणि तो जडपणा लांबवताना आपल्याच विरोधात उभा राहतो. लांबणाऱ्या बूमच्या गुणदोषांचे निम्मे उत्तर या एका ओळीत आहे.

आणखी एक गोष्ट तुलना करताना लक्षात ठेवावी लागेल. ट्रॅकच्या, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा कार्यभार टिपिंग लोडच्या ३५ टक्के सांगितला जातो, तर टायरच्या यंत्रांचा ५० टक्के. म्हणून टिपिंग लोड २,५०० किलोच असलेली दोन यंत्रे माहितीपत्रकात १,२५० आणि ८७५ अशी दिसतात आणि दुसरे दुबळे वाटते. खरेदीच्या तक्त्यात मी दोन्हींचा टिपिंग लोडच लिहिणार आहे, आणि तोही बूम आत व बूम पूर्ण बाहेर अशा दोन रकान्यांत. दुसरा रकाना कोणी विक्रेता आपण होऊन दाखवत नाही. तो मागावा लागतो.

११ मार्च

यंत्र आले. उतरवतानाच ट्रेलरवाल्याने वजनाबद्दल कुरकुर केली. आमच्या नेहमीच्या यंत्रापेक्षा ते जड आहे. बूमच्या दोन थरांचे पोलाद, लांबवणारा सिलिंडर आणि त्या सगळ्याला तोलून धरणारे मागचे वजन कुठून तरी येणारच. वाहतुकीचा ट्रेलर आणि तो ओढणारे वाहन या दोन्हींची क्षमता पुन्हा तपासून घ्यावी लागेल, ही बाब पहिल्याच दिवशी खर्चाच्या बाजूला गेली.

केबिनमध्ये बाजूच्या दारातून जाता येते. नेहमीच्या यंत्रात पुढून, बकेट ओलांडून, दोन बाहूंच्या मधून आत शिरावे लागते, आणि वर उचललेल्या बाहूंखालून चढता-उतरताना चिरडले जाण्याचे अपघात हा या यंत्रांचा जुना कलंक आहे. बूम एकाच बाजूला असल्यामुळे दुसरी बाजू दारासाठी मोकळी राहते. हा गुण बूम लांबण्याचा नसून ती एकेरी असण्याचा आहे, तेव्हा तो त्याच खात्यात लिहिलेला बरा. त्याची दुसरी बाजूही लगेच दिसली. डावीकडे ऑपरेटरला चाकापर्यंत स्पष्ट दिसते, मात्र उजवीकडे बूमच्या जाड पेटीने नजर अडते. अरुंद वाटेतून जाताना उजव्या बाजूला एक माणूस ठरलेल्या खुणांसह उभा राहील, असे आजच ठरवले.

१२ मार्च

सरावाचा दिवस. आमचा ऑपरेटर पंधरा वर्षे लोडर चालवतो, तरीही फोर्क (माल उचलणारे काटे) पॅलेटमध्ये घालताना तो चार वेळा चुकला. दोष त्याच्या हाताचा नव्हता. नेहमीच्या यंत्रात पुढे जायचे म्हणजे चाके पुढे न्यायची, आणि फोर्क त्याच उंचीवर राहतो. येथे बूम तिच्या स्वतःच्या रेषेत लांबते, आणि ती रेषा बहुधा तिरकी असते. बूम जमिनीशी ३० अंशांवर असताना १.२ मीटर लांबवली, तर फोर्क सुमारे १.०४ मीटर पुढे आणि ०.६ मीटर वर जातो. म्हणजे लांबवता लांबवता त्याच वेळी बूम खालीही घ्यावी लागते. हीच बूम ६० अंशांवर असेल, तर तेवढीच लांबी पुढे फक्त ०.६ मीटर नेते आणि उरलेली उंचीत जाते.

यातून जे निष्पन्न होते ते जरा बोचणारे आहे. पूर्ण पल्ला मिळतो तो बूम आडवी असताना, म्हणजे कलंडण्याचा धोका सर्वाधिक असताना. आणि पूर्ण उंचीवर पल्ला थोडाच उरतो. ऑपरेटरने हे गणित न करता दुपारपर्यंत हातात बसवले. "बूम खाली आली की यंत्र मागून हलके लागतं," एवढेच तो म्हणाला.

१५ मार्च

ट्रक भरण्याची चाचणी. ४ मार्चला लिहिलेल्या अपेक्षेची परीक्षा आजच होती.

आमचे यंत्र ट्रकच्या बाजूने माती टाकते, तेव्हा ती जवळच्या अर्ध्या भागात पडते. पलीकडचा भाग भरायला एकतर दुसऱ्या बाजूला जावे लागते किंवा बकेटने ढकलून माती सारावी लागते. लांबणाऱ्या बूमने कठड्यावरून आत पोहोचून पलीकडच्या कडेशी माती टाकली, मग जवळच्या बाजूला. ट्रक हलला नाही, लोडरलाही फेरी मारावी लागली नाही. भार ट्रकच्या दोन्ही बाजूंवर नीट वाटला गेला. एवढे सगळे खरे आहे.

परंतु वेळ वाचला का? फारसा नाही. प्रत्येक बकेटमागे बूम बाहेर काढणे आणि आत घेणे या दोन हालचाली वाढल्या, शिवाय ओली माती असल्यामुळे बकेट अर्धीच भरावी लागली. ओल्या वाळूचे वजन घनमीटरला १,९०० किलोच्या आसपास असते. अर्ध्या घनमीटरची बकेट भरली की ९५० किलो होतात, आणि माझ्या कागदावरच्या यंत्राला पूर्ण लांबीवर ५१२ किलोच झेपत होते, म्हणजे पाव घनमीटरच्या थोडे वर. ट्रकच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल, तर आमचे जुने यंत्र मोठी बकेट घेऊन हे काम तितक्याच वेळात, बहुधा थोडे आधीच उरकेल. ट्रकची एक बाजू भिंतीला लागून असेल तेथे मात्र लांबणारी बूम वेगळीच गोष्ट आहे. आमच्या जागेवर ट्रक मोकळ्यात उभा राहतो. माझा अंदाज चुकला, असे लिहायला हरकत नाही.

१९ मार्च

आज मागची चाके उचलली. कोणालाही इजा झाली नाही.

खडीची बकेट घेऊन ऑपरेटर चराच्या काठाशी आला. बूम आत असताना भार आरामात पेलत होता. तेथून पलीकडे टाकण्यासाठी त्याने बूम बाहेर काढली आणि शेवटच्या हातभर अंतरावर यंत्र पुढे झुकले. त्याने घाबरून बूम खाली सोडली नाही, लांबी आत घेतली. हे त्याने अचूक केले, कारण बूम आडव्या रेषेच्या वर असेल आणि ती खाली सोडली, तर भार आणखी पुढे जातो आणि झुकणे वाढते. अचानक थांबवलेली खाली येणारी बूम स्वतःचा झटकाही देते.

चूक माझी होती. बकेट किती भरायची याची खूण मी बूम आत असतानाच्या भारावरून सांगितली होती. नेहमीच्या लोडरमध्ये भार उचलला गेला म्हणजे तो वाहून नेता येतो, ही सवय इतकी मुरलेली असते की येथे उचलणे आणि पोहोचवणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत, हे हातांना कळायला वेळ लागतो. सर्वात वाईट म्हणजे यंत्र ही दुसरी परीक्षा सर्वात शेवटी घेते, भार चराच्या मध्यावर लटकत असताना.

संध्याकाळी बकेटच्या आत रंगाने दोन रेषा आखल्या. खालची रेषा बूम पूर्ण लांबवायची असेल तेव्हाची, वरची बूम आतच राहणार असेल तेव्हाची. भारतक्ता, म्हणजे बूमच्या कोणत्या लांबीला किती भार चालतो याचा तक्ता, केबिनमध्ये आहे, पण धूळ बसलेल्या तक्त्यापेक्षा समोर दिसणारी रेषा अधिक पाळली जाते.

२० मार्च

चराच्या काठापासून पुढच्या चाकांचे अंतर चराच्या खोलीपेक्षा कमी असू नये, असा नियम केला. लांबवलेल्या स्थितीत जवळजवळ सगळे वजन पुढच्या दोन चाकांवर येते आणि काठ ढासळला तर कोणताही भारतक्ता उपयोगाचा नाही. या नियमामुळे पल्ल्यातला बराच भाग काठ सोडण्यातच खर्च होतो. २.४ मीटर हा आकडा वाचताना त्यातून हे अंतर आधीच वजा करावे.

२५ मार्च

ठोकळे बसवायला सुरुवात झाली, आणि या यंत्राबद्दलचे माझे मत आज बदलले.

एक ठोकळा ०.६ × ०.६ × ०.५ मीटरचा आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला २,४०० किलो धरले, तर तो ४३२ किलोचा होतो. ठोकळा धरणारी पकड बकेटपेक्षा ९० किलो जड आहे, म्हणून हिशेबाचा भार ५२२ किलो. कागदावरच्या यंत्राची पूर्ण लांबीची मर्यादा ५१२ होती, म्हणजे थोडक्यात हुकले. मात्र बूम १.२ ऐवजी ०.९ मीटरच लांबवली, तर मागच्या बाजूचे परिबल २,५९५ राहते, भाराचे अंतर २.१ मीटर होते आणि कार्यभार सुमारे ६१८ किलो येतो. फुटाएवढी लांबी सोडली की शंभराहून अधिक किलो परत मिळतात. भाड्याच्या यंत्राच्या भारतक्त्यातले आकडे वेगळे असले तरी त्यांची चाल हीच आहे. तक्ता पाहून आम्ही बूमच्या आतल्या भागावर पांढऱ्या पट्टीने खूण केली : ठोकळा पकडीत असताना ही खूण दिसली की थांबायचे.

मग काम जे लागले, ते पाहण्यासारखे होते. लोडर चराच्या अलीकडे, दाबून घट्ट केलेल्या खडीवर एका जागी उभा. एक ठोकळा मागून उचलून आणायचा, बूम आत ठेवून, जमिनीलगत. जागेवर यंत्र सरळ उभे करायचे. मग फक्त बूम पुढे. पलीकडचा माणूस बोटांनी दाखवतो : अजून थोडे, थोडे, बस. ठोकळा दोन बोटांच्या फटीने शेजारच्या ठोकळ्याला भिडतो. आमच्या यंत्राने हेच करताना अखेरची दोन बोटे पुढे जाण्यासाठी चाके हलवावी लागतात, आणि स्किड स्टीअर दोन बोटे हलत नाही, ते धक्का देते. शिवाय किंचित वळवायचे म्हटले की चारही टायर जमीन खरवडतात, तळातली खडी विस्कटते आणि तयार केलेली पातळी पुन्हा करावी लागते.

या बूमचे मोल उंचीत नाही. यंत्र जागेवर उभे राहते आणि काम पुढे जाते, यात ते आहे. मी उंचीसाठी यंत्र आणले आणि त्याने मला स्थिर उभे राहण्याचा उपयोग दाखवला, ही नोंद थोडी खजील होऊन करतो.

२८ मार्च

इमारतीच्या मागच्या छज्जाखाली मातीचा ढीग साचला होता. वर छत इतके बुटके की केबिन आत जात नाही. बूम जवळजवळ आडवी ठेवून बकेट आत सरकवली, टेकवली आणि बूम आखडत माती बाहेर ओढली. असे हाताने फावडे ओढल्यासारखे काम लांबणारी बूमच करू शकते. बकेट हलकीशी भरली जाते, तेव्हा वजनाचा प्रश्न येत नाही.

२ एप्रिल

या यंत्राने काय करू नये, हे लिहिण्याचा दिवस.

आज सपाटीकरणाच्या वेळी ऑपरेटरने बूम अर्धवट बाहेर असतानाच बकेटच्या एका कोपऱ्याने ढेकूळ फोडायचा प्रयत्न केला आणि मी त्याला थांबवले. दोन बाहूंच्या यंत्रात कोपऱ्यावर आलेला जोर दोन बाहू आणि त्यांना जोडणारी आडवी नळी मिळून घेतात. एकेरी बूमला तोच जोर पिळासारखा सोसावा लागतो. पेटीच्या आकारामुळे बूम पीळ चांगला सहन करते, आणि केवळ एकेरी आहे म्हणून ती कमकुवत ठरत नाही. पण ती लांबलेली असेल, तेव्हा आतला भाग बाहेरच्या भागात थोड्याच लांबीवर धरलेला असतो आणि तो सगळा पीळ मधल्या घर्षणपट्ट्यांच्या कडांवर येतो.

वळण्याचेही तसेच. यंत्र चाकांच्या मधोमध स्वतःभोवती फिरते. भार तेथून १.८ मीटरवर असेल आणि तो ३ मीटरवर नेला, तर त्याच झपाट्याने वळताना भाराचा वेग सुमारे १.७ पट आणि वळण थांबवताना बूमच्या मुळाशी येणारे आडवे परिबल जवळजवळ २.८ पट होते, कारण ते अंतराच्या वर्गाने वाढते. त्यात पुढची चाके भाराखाली रुतलेली आणि मागची हलकी, त्यामुळे रिकामे असताना जे यंत्र पुढच्या टोकाने घसरत वळते ते आता मागच्या टोकाने फिरू लागते, आणि ऑपरेटरच्या अंदाजाला अनपेक्षित धक्का बसतो. बूम बाहेर असताना वळायचे नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतो. त्याचे कारण आज सगळ्यांना चराजवळ उभे करून समजावले.

ढिगात घुसून बकेट भरतानाही बूम पूर्ण आतच हवी. बाहेर असेल, तर चाकांचा सगळा रेटा लांबवणाऱ्या सिलिंडरवर जातो. खोदणे, ढकलणे, सपाट करणे या लोडरच्या रोजच्या कष्टाच्या कामांत लांबणारी बूम आपल्याला काहीच देत नाही. ती केवळ जपायची एक वस्तू होते. आमचे जुने यंत्र ही कामे निर्धास्तपणे करते.

५ एप्रिल

देखभाल. नेहमीच्या बूमला पिना आणि बुश असतात. ग्रीस भरले की झाले. येथे त्याशिवाय दोन पेट्यांच्या मधल्या पट्ट्या आहेत, त्या झिजतात, आणि त्यांची फट वाढली की पुढचे टोक खालीवर व आडवे डुलू लागते. पातळ पत्रे घालून ती फट पुन्हा कमी करता येते, पण त्यासाठी कोणीतरी ती नियमाने मोजायला हवी. वाळूच्या जागेवर आतल्या पेटीवर बसलेला गाळ तसाच आत ओढला गेला, तर तो पट्टी आणि पोलाद यांच्यामध्ये सहाणेसारखा घासतो. ग्रीस जास्त लावले तर गाळ अधिक चिकटतो, न लावले तर बूम कुरकुरते. निर्मात्याने सांगितलेलेच वंगण, सांगितले तेवढेच, आणि दिवसातून दोनदा आतली पेटी ब्रशने साफ करणे, यावर आम्ही स्थिरावलो.

पकडीसाठी लागणारे हायड्रॉलिक होज (दाबाखालचे तेल नेणाऱ्या नळ्या) बूमबरोबर लांबावे लागतात. ते कुठून कसे जातात आणि कुठे घासू शकतात, हे यंत्र भाड्याने घेताना पाहून ठेवावे. फुटलेला होज बदलायला नेहमीच्या यंत्रात लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागेल, हे आत डोकावल्यावर उघड दिसते.

९ एप्रिल

सहकारी अभियंत्याने रास्त प्रश्न विचारला : पल्लाच हवा, तर टेलिहँडलर (लांबणाऱ्या बूमचे मोठे उचल-यंत्र) का नको? टेलिहँडलरच्या दोन अॅक्सलमधले अंतर मोठे असते, तो चाके वळवून वळतो, त्याची बूम कितीतरी लांब असते आणि पुढे कलंडण्याआधी इशारा देणारी व्यवस्था त्यात असते. उंच आणि दूर ठेवण्याच्या कामात स्किड स्टीअरने त्याच्याशी बरोबरी करू नये. परंतु आमच्या वाटेतून तो आत येणार नाही, आणि आला तरी जागच्या जागी फिरणार नाही.

मधून दुमडणाऱ्या छोट्या लोडरांचा पर्याय मात्र मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो. फिनलंडची अॅव्हांट कंपनी असे लोडर लांबणाऱ्या बूमसह बनवते. ते मधल्या सांध्यातून वळत असल्यामुळे टायर घासत नाहीत आणि हिरवळ किंवा फरशी खराब होत नाही. मात्र पूर्ण दुमडलेल्या स्थितीत मागचे वजन एका बाजूला जाते, तेव्हा यंत्र आडवे कलंडण्याचा धोका वाढतो. स्किड स्टीअरची चौकट ताठ असल्याने हा दोष तिच्यात नाही.

१४ एप्रिल

खरेदीची शिफारस आज लिहिली. लांबणाऱ्या बूमचे यंत्र एकुलते एक म्हणून विकत घेऊ नये. खोदाई आणि भरणी हा आमच्या कामाचा मोठा हिस्सा आहे, त्यात ते जड, जपावे लागणारे आणि गरजेपेक्षा गुंतागुंतीचे ठरते. भिंती, चरांवरून साहित्य ठेवणे, बुटक्या छताखालची सफाई अशी कामे एकापाठोपाठ येतील अशा टप्प्यांसाठी ते भाड्याने घ्यावे. ज्यांच्याकडे एकच लोडर ठेवण्याची सोय आहे आणि कामात पॅलेट हलवणे अधिक आहे, त्यांचा निर्णय याच्या उलट येऊ शकतो, आणि तो चुकीचा नसेल.

सहकारी अभियंता शिफारशीशी पूर्ण सहमत नाही. त्याच्या मते चराच्या कामात वाचलेले खडी पुन्हा पसरण्याचे श्रम मी कमी मोजले आहेत. त्याचे म्हणणे शिफारशीला जोडले आहे.

१६ एप्रिल

भिंतीचा शेवटचा ठोकळा काल बसला. आज यंत्र धुऊन, बूम पूर्ण बाहेर काढून, चारही बाजूंच्या पट्ट्यांची फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) मोजली आणि ११ मार्चच्या मापांशेजारी लिहून परतीच्या कागदावर यंत्रमालकाच्या माणसाची सही घेतली. बकेटमधल्या दोन रंगीत रेषा पुसायच्या का, असे ऑपरेटरने विचारले. त्या तशाच ठेवून यंत्र ट्रेलरवर चढवले.